गावच्या शाळेत निसर्ग-संवर्धनाचे उपक्रम : नागपूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामटेकपासून नरखेडपर्यंत आणि हिंगण्यापासून भिवापूरपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक शिक्षण परिषदेत, फोनवर, कधी एसटी स्टँडवर गाठ पडली की जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न पहिली ते पाचवीच्या मुलांबद्दलचे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान २ आणि ६ वाचा.

१. आमची मुलं रानातच वाढतात. त्यांना निसर्ग वेगळा काय शिकवायचा?

त्यांना पुष्कळ माहीत असतं, हे खरं. बकऱ्या चारणाऱ्या तिसरीतल्या मुलाला कोणत्या पाल्याला बकरी तोंड लावत नाही ते ठाऊक असतं. तलावाकाठच्या ढिवर वस्तीतली मुलगी मासे नावानिशी ओळखते. पण शाळेत शिरताना हे ज्ञान चपलांबरोबर बाहेर राहतं, कारण वर्गात ते कोणी विचारतच नाही. त्याला आत घेणं हे आपलं पहिलं काम.

दुसरं असं की माहिती असणं आणि जपणं यांत अंतर आहे. बुलबुलाचं घरटं कुठे आहे हे ज्या मुलाला नेमकं माहीत असतं, त्याच्याच खिशात गलोल असते. त्याला भाषण देऊन ती सुटत नाही. त्याच घरट्यावर लांबून नजर ठेवायचं आणि रोज फळ्यावर एक ओळ लिहायचं काम त्याला दिलं, की पिल्लं उडेपर्यंत तोच इतरांना झाडाजवळ फिरकू देत नाही. असं होताना मी अनेकदा पाहिलं आहे.

२. सुरुवात कुठून करू? शाळेत साहित्य नाही, निधीही नाही.

एका झाडापासून करा. शाळेच्या आवारात किंवा वाटेवर कडुनिंब, पिंपळ, चिंच, बाभूळ, पळस, काहीतरी असतंच. चार-पाच मुलांचा गट आणि त्यांचं एक झाड. वर्षभर दर शनिवारी त्या झाडाकडे जायचं आणि एका जुन्या वहीत पाच गोष्टी लिहायच्या: पानं (कोवळी, जून की गळालेली), फूल, फळ, झाडावर दिसलेले जीव आणि आज वेगळं काय. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं. खर्च एका वहीचा.

खोडाचा घेर सुतळीने मोजून ठेवा. जमिनीपासून १.३७ मीटर (साडेचार फूट) उंचीवर मोजायचा, आणि दरवेळी तिथेच. वनखातंही घेर याच उंचीवर मोजतं. पहिलीतल्या मुलांनी कागद खोडावर धरून वरून क्रेयॉन घासला की सालीचा छाप उमटतो. बाभळीचा आणि पिंपळाचा छाप शेजारी ठेवला की मुलं एकही शब्द न बोलता फरक समजतात.

हा उपक्रम कंटाळवाणा वाटतो, असं शिक्षक म्हणतात. पहिले दोन महिने वाटतो. मग फेब्रुवारीत पळसाची सगळी पानं झडून फांद्यांना काळ्या कळ्या लागतात आणि एका शनिवारी झाड पेटल्यासारखं दिसतं. ज्या गटाने त्याच्या वहीची आधीची तीस-पस्तीस पानं भरली आहेत, त्या गटाचे चेहरे त्या दिवशी बघा. शंभर झाडं लावण्यापेक्षा एक झाड वर्षभर बघणं मला जास्त मोलाचं वाटतं.

३. कोणत्या वर्गाला काय झेपतं?

पहिली-दुसरीला हात, नाक, कान पुरेत: वास घेणं, पानं आकाराप्रमाणे लावणं, डोळे मिटून आवाज मोजणं. तिसरी-चौथीला मोजमाप आणि नोंद. पाचवीची मुलं गावात जाऊन मोठ्यांना प्रश्न विचारू शकतात. दोन शिक्षकी शाळेत सगळे वर्ग एकत्र बसतात, त्याची अडचण मानू नका. पाचवीचं मूल लिहितं, दुसरीचं मूल मोजतं, अशी जोडी फार छान चालते.

४. अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? वरून विचारणा झाली तर?

पर्यावरण शिक्षण ही कोणाच्या आवडीवर सोडलेली बाब नाही. शिक्षणाच्या सर्व स्तरांवर ते सक्तीचं असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे परिसर अभ्यास हा विषयच आहे, आणि २०२४ पासून आनंददायी शनिवार हा शासनाचा उपक्रमही आहे. झाडाची वही ही भाषेची निरीक्षण-नोंद, घेर मोजणं हे गणितातलं मापन, आणि प्रश्न ५ मधलं पर्जन्यमापक तर आठवडाभराचं गणित पुरवतं. पाठ टाचणात तसंच लिहा. वेगळा तास मागू नका, आहे त्या तासातच उपक्रम बसवा.

५. शाळा उघडल्या उघडल्या करता येईल असा उपक्रम सांगा.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, तेव्हा पाऊस दारात असतो. म्हणून पर्जन्यमापक. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तिच्यात बसवा. तळाच्या खोलगट भागात बारीक गोटे टाका आणि पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरा. बाहेरून मोजपट्टी चिकटवा. झाड आणि पत्र्याचं छत यांपासून दूर, विटांच्या आधाराने मोकळ्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं. आपण शाळा भरताना मोजली तरी चालेल, पण वेळ रोज एकच हवी. रविवारी शाळेशेजारी राहणाऱ्या मुलावर जबाबदारी द्या.

खरी मजा पुढे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या वर्गाचं छत ६० चौरस मीटरचं असेल आणि रात्री २० मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर छतावरून १,२०० लिटर पाणी वाहून गेलं: दोनशे लिटरचे सहा ड्रम. हे चौथीची मुलं स्वतः काढतात. मग त्यांच्यातलंच कोणीतरी विचारतं, की एप्रिलमध्ये आई हापशीवर रांगेत उभी असते, तेव्हा हे पाणी कुठे असतं? या प्रश्नापर्यंत मुलांना पोचवा, उत्तर लगेच देऊ नका. पुढच्या शनिवारी त्यांना पावसात छत्र्या घेऊन बाहेर न्या आणि आवारातलं पाणी कुठून कुठे वाहतं ते खडूने कागदावर काढायला लावा. जिथे माती वाहून जाते तिथे दगडांची एक ओळ रचा. पंधरा दिवसांत दगडांमागे गाळ साचलेला दिसतो. बांध म्हणजे काय, शेताच्या कडेचा धुरा का राखतात, हे मग सांगावं लागत नाही.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार ते अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे तो वाढत जातो. काटोलच्या एका शाळेने आणि रामटेकच्या एका शाळेने आकडे आठवड्याला एकमेकींना कळवले, तर एकीकडे कापूस-संत्रा आणि दुसरीकडे धानाच्या बांध्या का, याचा उलगडा मुलांना आपोआप होतो.

६. दरवर्षी झाडं लावतो, दरवर्षी मरतात. त्याच खड्ड्यात पुन्हा लावायची वेळ येते. काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक म्हणजे रोप बाहेरून येतं, फोटो निघतो, आणि रोपाचा मुलांशी काही संबंध राहत नाही. रोपवाटिका शाळेतच करा. जूनच्या शेवटी आणि जुलैत कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. गर चोळून काढा, बी सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच लावा. निंबोळीची उगवणशक्ती काही आठवडेच टिकते. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी वाया जातं. जांभूळ आणि मोह यांचंही तसंच, ताज्याचं ताजं. याउलट बहावा आणि बाभूळ यांच्या बियांचं कवच कठीण असतं. ते खरखरीत दगडावर थोडं घासा, किंवा शिक्षकांनी बियांवर कढत पाणी ओतून त्या रात्रभर तशाच ठेवाव्यात, म्हणजे उगवण सुधारते. मुलांकडून दोन रांगा लावून घ्या, एक घासलेल्या बियांची आणि एक तशाच बियांची. प्रयोग म्हणजे काय ते याहून सोप्या रीतीने शिकवता येत नाही. पिशव्यांऐवजी पोषण आहाराच्या तेलाची रिकामी पाकिटं वापरा, तळाला भोकं पाडा.

दुसरी चूक जमिनीची. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून मुळं तोडते. खड्ड्यात माती भरताना मधोमध थोडा उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी बुंध्याशी तुंबत नाही. दिवाळीनंतर बुंध्याभोवती वाळका पाला, धानाचं तणीस किंवा सोयाबीनचं कुटार पसरा. भेगा कमी पडतात.

तिसरी चूक कुंपणाची. ढोरं आणि बकऱ्या यांना दोष देऊन उपयोग नाही. पऱ्हाट्या किंवा तुराट्या यांचं गोल कुंपण आणि वर बाभळीच्या काट्या, एवढं पुरतं. काट्यांचं काम मोठ्यांनी करायचं.

चौथी गोष्ट, जी सगळे विसरतात, ती म्हणजे मे महिना. शाळा बंद, तापमान ४५ अंशांवर. रोपाशेजारी एक न रंगवलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकणी ठेवा. ते हळूहळू पाझरतं, आणि आठवड्यातून दोनदा भरलं तरी रोप तग धरतं. ज्या मुलांची घरं जवळ आहेत त्यांना एकेक मडकं वाटून द्या. म्हणून माझं सांगणं असं की जितकी मडकी भरायला घरं आहेत, तितकीच झाडं लावा. बारा घरं असतील तर बारा झाडं. वरून आलेला आकडा मोठा असेल तर उरलेली रोपं पालकांना धुऱ्यावर लावायला द्या आणि तशी नोंद ठेवा.

७. बीजगोळे करावेत का? मुलांना फार आवडतात.

चिखल हाताळायला मिळतो म्हणून आवडतात, आणि तेवढ्यासाठी जरूर करा. पण गोळे फेकले म्हणजे जंगल उगवेल, असं मुलांना सांगू नका. बहुतेक गोळ्यांतलं बी मुंग्या, वाळवी, पक्षी किंवा पावसाचा खंड यांत जातं. करायचेच तर गावातल्या झाडांचं बी घ्या, शाळेजवळच्या पडीक जागी टाका, जागेवर खूण करा आणि ऑगस्टमध्ये किती उगवले ते मोजा. दहात एक उगवला तरी तो आकडा मुलांनी काढलेला खरा आकडा असतो. वनक्षेत्रात कोणतंही बी परवानगीशिवाय टाकू नका. सुबाभळीचं तर कुठेच नको, ती मोकाट पसरते.

८. आमचं गाव संत्र्याचं. फुलपाखराची अळी पाळायला घेतली तर पालक म्हणतात, ही तर आमची कीड. मग?

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि पालकांचं म्हणणं चुकीचं नाही. संत्रा, लिंबू, बेल, कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर लिंबाचं फुलपाखरू एकेक फिकट पिवळं अंडं घालतं. त्याची अळी पानं खाते, आणि कलमांच्या रोपवाटिकेत ती खरोखर नुकसान करते.

म्हणून उपक्रम बागेत करू नका. शाळेतल्या किंवा घरच्या कढीपत्त्यावर करा. लहान अळी पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांमुळे हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन टोकांची शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एवढा एक क्षण पाहिला की वर्ग तुमचा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभर जातो. जाळी लावलेल्या डब्यात दोन-तीनच अळ्या ठेवा, पाला रोज ताजा, आणि फुलपाखरू निघालं की त्याच झाडाजवळ सोडा.

कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. मुलं रडतात. मात्र संत्र्याच्या गावात हाच सगळ्यात मोठा धडा आहे. त्या माश्या अळीवर वाढतात, म्हणजे बागायतदाराच्या मदतनीस आहेत, आणि सरसकट फवारणीत अळीबरोबर त्याही मरतात. हे मूल घरी जाऊन बापाला सांगतं तेव्हा बाप ऐकून घेतो, कारण पोरानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मोठ्या झाडावर चार-दोन अळ्या असतील तर हाताने वेचून भागतं का, हे त्या घराने ठरवावं. आपण फवारणी बंद करा असं सांगायला जाऊ नये. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन हेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं, ही गोष्ट मात्र नक्की सांगा.

९. परसबाग आहे, पण खत विकत आणतो. दुसरा मार्ग?

पालापाचोळा जाळणं थांबवा, खत तिथेच आहे. विटांचं जाळीदार टाकं करून पाला, शेण आणि माती यांचे थर देण्याची नाडेप पद्धत विदर्भातलीच. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाची ती आद्याक्षरं आहेत. शाळेला एवढं मोठं टाकं लागत नाही, दोन फुटांचा खड्डाही पुरतो. दर आठवड्याला काडी खुपसून आत किती गरम आहे ते मुलांना हाताने बघू द्या. पोषण आहाराच्या भाज्यांच्या सालीही त्यातच टाका. परसबागेत एक वाफा तरोटा, अंबाडी, शेवगा अशा घरच्या भाज्यांचा ठेवा. त्यांची नावं मुलांच्या आज्यांना विचारा.

१०. मातीचा एखादा उपक्रम?

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, झाकण लावून हलवायचं आणि दिवसभर ठेवायचं. खाली रेती, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती, असे थर दिसतात. मुलांना आपापल्या वावरातली मूठभर माती आणायला सांगा आणि घरी तिला काय म्हणतात तेही विचारून यायला सांगा. कन्हार, मोरंड, खरडी, बर्डी हे शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरले आहेत. बरणीवर ते नाव चिकटवा.

११. वाघाने गावातली गाय मारली. त्याच आठवड्यात मुलांना वाघ वाचवा असं कसं शिकवू?

त्या आठवड्यात शिकवू नका. गाय कोणाची होती, दूध किती द्यायची, रात्री घरात काय बोलणं झालं, हे मुलांना सांगू द्या, चित्र काढू द्या. पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प, बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ चं. या जंगलांच्या कडेला राहणाऱ्या घरांनी किंमत मोजली आहे. शहरातल्या मुलाला वाघ चित्रात भेटतो, इथल्या मुलाला वाटेत भेटू शकतो. दोघांना एकच पोस्टर दाखवणं अन्यायाचं आहे.

नंतर, मन शांत झाल्यावर, पटांगणावर रांगोळीने गावाचा नकाशा काढा. ढोरं कुठे चरतात, पाणी कुठे पितात, शाळेची वाट, झुडपं दाटलेली जागा, पाऊलखुणा दिसलेल्या जागा, मोहाची झाडं. मुलं हे सगळं अचूक दाखवतात. मग त्यांनाच विचारा, यातलं काय बदलता येईल? दिवस मावळायच्या आत ढोरं गोठ्यात, शाळेत येताना घोळक्याने, अंधारात बाहेर जाताना टॉर्च आणि सोबत, रानात खाली वाकून एकट्याने काम नाही, वाटेलगतची झुडपं साफ. हा नकाशा कागदावर उतरवून ग्रामसभेत मुलांनी मांडला तर मोठी माणसं गंभीरपणे ऐकतात.

मेलेलं जनावर हलवायचं नाही, त्यावर विष तर टाकायचंच नाही, आणि वनरक्षकाला लगेच कळवायचं, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मिळते. हे मुलांनाही माहीत असावं. विषारी मढ्यावर गावातली कुत्रीही मरतात. रानडुकरं पिकं उधळतात, आणि वाघ त्यांनाच खातो, हे बहुतेक वेळा मुलंच बोलून दाखवतात. ते त्यांच्याकडून येऊ द्या.

१२. मार्च-एप्रिलमध्ये मुलं मोहफुलं वेचायला जातात, वर्ग रिकामा. तेव्हा काय करावं?

मोहाचं उत्पन्न घराला लागतं, त्यामुळे रागावून उपयोग नाही. त्या दिवसांत मोह हाच धडा घ्या. किती वेचली, सुकल्यावर वजन किती भरलं, भाव काय मिळाला, ही गणितं खरी असतात.

इथली खरी अडचण आग. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग जंगलात जाते. तिच्यात लहान रोपं, जमिनीवरची घरटी, कासवं जळतात आणि पुढच्या वर्षीचा चाराही कमी होतो. मुलांबरोबर एक साधी तुलना करा. गावालगतच्या दोन मोहांपैकी एकाखालचा पाला झाडून बाजूला करा, दुसऱ्याखाली जुनी साडी किंवा हिरवी जाळी अंथरा. जाळीवरची फुलं मातीविना स्वच्छ येतात, वेचायचा वेळ वाचतो. हे पाहून घरं बदलतात. वेचायला पहाटेच्या अंधारात लहान मुलांनी जाऊ नये, उजाडल्यावर आणि मोठ्यांच्या सोबतीनेच जावं. यावर पालकसभेत ठामपणे बोला. सावधगिरीचं बाकी ११ आणि १३ मध्ये आहे.

१३. साप, विंचू, मधमाश्या. काही झालं तर जबाबदारी माझी. भीती वाटते.

भीती रास्त आहे. नियम मोजके ठेवा आणि दरवेळी म्हणून घ्या: दगड-लाकूड हाताने उलटायचं नाही, बिळात हात घालायचा नाही, पायात चप्पल नको, बूट हवा. नसेल तर गवतात जायचं नाही, झाडाच्या मोकळ्या बुंध्याशी थांबायचं. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली वर्ग नाही. मार्चपासून सगळे उपक्रम सकाळी नऊच्या आत. गाजर गवत मुलांना उपटायला लावू नका, अंगाला खाज सुटते आणि दमाही होतो.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांची चित्रं वर्गात लावा, पण ओळखण्याचा खेळ खऱ्या सापाबरोबर नको. कोणताही साप दिसला की मागे सरकायचं आणि मोठ्यांना सांगायचं. चावा झाला तर मुलाला चालवू नका, अवयव हलू देऊ नका, दोरी आवळू नका, कापू-चोखू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या, प्रतिविष तिथे मिळतं. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास जिवावर बेततो.

१४. वर्गात निसर्ग-कोपरा केला आहे. काय ठेवावं, काय नको?

बिया, शेंगा, गळलेली पानं, साली, शंख, दगड, मातीचे नमुने खुशाल ठेवा. पक्ष्याची अंडी आणि वापरातलं घरटं कधीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा ठरू शकतो. पिंजऱ्यातला पोपट आणि विहिरीतून आणलेलं कासव यांचंही तसंच. कोणा मुलाच्या घरी असेल तर त्याला वर्गासमोर उभं करू नका, पालकांशी वेगळं बोला. अभयारण्यातून तर पडलेलं पानही उचलायचं नाही.

१५. पक्ष्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतो, पण त्यात डास होतात.

होणारच. अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून दर दोन दिवसांनी पाणी फेकून वाटी घासायची. मातीचं पसरट भांडं, मधोमध एक दगड, म्हणजे मधमाशी बुडत नाही. मांजर दबा धरणार नाही अशी मोकळी जागा बघा. फेकायच्या आधीचं अळ्यांचं पाणी एकदा काचेच्या ग्लासात वर्गाला दाखवा. घरच्या कूलरकडे मुलं मग स्वतः लक्ष देतात.

१६. सण-उत्सवांशी हे कसं जोडावं?

होळीला पळसाची गळलेली फुलं रात्रभर भिजवून किंवा उकळून केशरी रंग करा, शाळेत करून पाहायला अगदी सोपा. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडण्याऐवजी प्रत्येक वर्गाने एक आपटा लावावा. आपटा आणि कांचन यांची पानं शेजारी ठेवून फरक ओळखायला लावा, बाजारात कांचन आपटा म्हणून खपतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी थर्माकोल आणि चमकी यांनी सजतात. त्याऐवजी ज्वारीची कणसं, पळसाची पानं, मातीची घुंगरं यांची सजावट असलेल्या नंदीला शाळेचं बक्षीस ठेवून बघा. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी खाऊ-पैशांची भेट, तर मिळतेच.

१७. कचऱ्याचा उपक्रम घेतला. सगळ्यात जास्त खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या निघाल्या. आता मुलांशी काय बोलू?

आकडा लपवू नका. तो मुलांनी मोजलेला आहे. पण बोलताना बापाला लाज वाटेल असं काही होऊ देऊ नका, कारण मूल रात्री त्याच घरात झोपतं. शाळेच्या गेटपासून पाणटपरीपर्यंतच्या शंभर पावलांत किती पन्न्या, एवढं आठवड्याला मोजा आणि तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, नावं न घेता. नालीत अडकलेल्या पन्न्यांमुळे पहिल्या पावसात पाणी कुठे तुंबलं, हे प्रश्न ५ मधल्या नकाशावर दाखवा. तंबाखूबद्दल आरोग्यसेविकेला येऊन बोलू द्या.

१८. मुलांच्या नोंदी वहीतच राहतात. त्यांचा पुढे उपयोग होतो का?

होतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मुलांनी आज्यांकडून गोळा केलेली झाडांची, भाज्यांची, माशांची, मातीची नावं त्या नोंदवहीसाठी द्या, देताना शाळेचं नाव लिहायला सांगा. मामा तलावाकाठच्या शाळांनी हे आवर्जून करावं, कारण माजी मालगुजारी तलावांतल्या जुन्या माशांची आणि पाणवनस्पतींची नावं जाणणारी पिढी कमी होत चालली आहे. झाडांचा बहर नोंदवणाऱ्या सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमातही शाळा भाग घेऊ शकतात.

१९. जंगलाची सहल काढायची आहे. सफारीची जिप्सी परवडत नाही.

जिप्सीशिवायही सहल होते. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना शाळेच्या पत्रावर लिहा. निसर्ग पर्यटन केंद्रात मुलांना माहिती देता येईल का आणि शुल्कात सवलत मिळेल का, ते विचारा. वाघ दिसेल असं मात्र मुलांना कबूल करू नका. पेंचजवळच्या गावांना आणखी एक संधी आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे तिथला अंधार राखला जातो. पालकांसह अंगणात बसून आधी दिवे लावून आणि मग विझवून तारे मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक पाहून मोठी माणसंही गप्प होतात.

२०. मुलं काही शिकली का, हे कसं ओळखू?

लेखी परीक्षेने नाही. मी तीन गोष्टी बघते. मूल न सांगता झाडाकडे जातं का? त्याच्या वहीत पुस्तकात नसलेला एखादा प्रश्न आहे का? आणि घरचं कोणी येऊन काही बोललं का? पायाखालचा किडा ओलांडून जाणारं मूल दिसलं, तर तेही मी वहीत लिहून ठेवते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत हे सगळं बसतं.

२१. माझी बदली होणार आहे. मागे सगळं बंद पडेल.

पडतं, हा अनुभव आहे, म्हणून आधीच तयारी करा. झाडांच्या वह्या, पावसाचे तक्ते, रोपवाटिकेची नोंद यांना क्रमांक देऊन चार्ज यादीत चढवा, म्हणजे त्या शाळेच्या होतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावात मडकी भरणाऱ्या घरांची यादी घाला. दरवर्षी मार्चमध्ये चौथीचा प्रत्येक गट आपलं झाड तिसरीच्या गटाला सोपवतो, अशी रीत पाडा. वही, सुतळी आणि झाड, तिन्ही हातात द्यायची. आणि नवे गुरुजी रुजू होतील त्या पहिल्या शनिवारी झाडांची ओळख त्यांना मुलांनाच करून देऊ द्या.